निंबावरची टाकी

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. मोहगावचा वीरेंद्र आपली जुनी पिकअप ट्रॅक्टरला बांधून ओढत ओढत सौंसरच्या बाजाररस्त्याला आला आणि चंद्रकलेच्या दुकानासमोर थांबला, तेव्हा तिला पहिली ही म्हण आठवली. या म्हणीत गाढव कोण, हेही लगेच कळलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. गाढवाला निदान लाथ तरी मारता येते.

दुकान म्हणजे टिनाचं शेड. समोर एक कडुनिंब. पाटी अजून नवऱ्याच्याच नावाची, 'श्रावण मिस्त्री, टाकी, रेडिएटर व पत्र्याचं काम'. श्रावणला जाऊन सात वर्षं झाली होती. तो होता तेव्हा तो पत्रा कापायचा, वाकवायचा, आणि चंद्रकला गॅसची ज्योत धरून जोड भरायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिनं ते काम हाती घेतलं होतं. आता पंचावन्नाव्या वर्षी कापणं, वाकवणं, भरणं, सगळं तिचं एकटीचं होतं.

"काकू, ओळखलं का?" वीरेंद्रनं ट्रॅक्टरवरून उतरत विचारलं.

ओळखलं का! अकरा वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता, की तिनं याच्या बापाला, केशवरावला, मनातल्या मनात शिव्या घातल्या नाहीत. बापाच्या शिव्यांत पोराचा वाटा असतोच.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला नाही. घाईत होता. "नागपूरले जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे, काकू. बारा दिवसांनी, रविवारी. रंग झाला, इंजिन झालं, पाहा नं कशी चमकून राहिली. फक्त टाकी राहिली. ते लोक म्हणतात, केबिनमधी सीटच्या मांगं टाकी असन तं गाडी घेत नाही. धोका आहे म्हणतात. टाकी मांगं, माल भरतो त्या डाल्याखाली पाह्यजे. नागपूरचा मिस्त्री तीन महिने म्हणून राहिला."

"अन् इकडचे?"

"इकडे पत्र्याची टाकी हातानं बनवणारं तुमच्याशिवाय आहे कोण?"

"तुमच्या बाबाले माहीत आहे, तुम्ही इथं आले ते?"

"बाबाच म्हणाले, तिच्याचकडे जा." मग त्यानं आवाज जरा खाली आणला. "जुनं काय धरून बसता, काकू. झालं गेलं गंगेला मिळालं."

गंगेला मिळालं! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चंद्रकलेनं गाडीकडे पाहिलं. गोल नाकाची, हिरव्या रंगाची ती पिकअप केशवरावच्या वडिलांनी कामठीच्या लष्करी लिलावात घेतली होती. त्या काळच्या बनावटीप्रमाणे तिची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या पाठीला लागून असायची. अकरा वर्षांपूर्वी ती मूळ टाकी गंजून चाळण झाली, तेव्हा श्रावणनं नवी बनवून दिली होती. जोडांना शिशाची नव्हे, पितळेची झाळ देऊन, म्हणजे वितळलेलं पितळ भरून. दहा दिवस नवरा-बायको त्या एका टाकीला लागले होते.

श्रावणची एक रीत होती. टाकी झाली की तो सगळ्या जोडांवर बाहेरून चुना फासायचा, वाळू द्यायचा आणि आत रॉकेल भरून ठेवायचा. केसाएवढी फट असली तरी रॉकेल तिच्यातून बाहेर येतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळा डाग पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या मालकानं स्वतः जोडांवरून बोट फिरवायचं. बोट कोरडं, पांढरं निघालं की चार माणसांत सांगायचं, टाकी कोरडी आहे. तिथून पुढे मिस्त्री मोकळा. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतचे गाडीवाले ही रीत पाळायचे.

केशवरावनं पाळली नाही. "मी काय मिस्त्रीच्या दारात बोटं चाटत बसू?" म्हणून त्यानं ट्रॅक्टरवाला पाठवला आणि टाकी उचलून नेली.

दीड महिन्यानं संत्र्यांनी भरलेली ती पिकअप बोरगावच्या अलीकडे पेटली. वीरेंद्र चालवत होता. त्यानं उडी मारली, कोपर भाजलं तेवढंच. आसपासच्या लोकांनी माती टाकून आग विझवली. दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव सहा-सात माणसं घेऊन श्रावणच्या दारात आला. काजळी धरलेली टाकी त्यांनी तारेनं बांधून समोरच्या निंबाला टांगली आणि तिच्यावर चुन्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'श्रावण मिस्त्रीचं काम'. एका कागदावर श्रावणची सही घेतली, की मी टाकी कच्ची जोडली. "पोलिसात जाऊन नाही राहिलो, उपकार समज," केशवराव म्हणाला. मोहगावात तेव्हा राशनचं दुकान त्याचं, जमीन त्याची, चार लोक उठबस करणारे त्याचे. श्रावणनं सही केली.

चंद्रकला त्याच क्षणी टाकी काढायला निघाली होती. श्रावणनं हात धरला. "राहू दे," तो म्हणाला. "टाकीत तीस लिटर पेट्रोल होतं. ती फुटली असती तं वीरेंद्र घरी आला असता का? गाडी उरली असती का? लोक पाहतील. जोड शाबूत आहे, हे लोकाईले दिसन."

साधा माणूस. लोकांनी जोड पाहिलाच नाही, लोकांनी अक्षरं वाचली. अठरा दिवस ती टाकी निंबावर लटकत होती आणि बाजाराला येणारा सगळा तालुका वर मान करून वाचत होता. एकोणिसाव्या दिवशी चंद्रकलेनं श्रावणचं बसायचं स्टूल उचललं, निंबाखाली ठेवलं, पदर खोचला आणि चढली. स्टुलाचा एक पाय आखूड होता. ते डुगडुगत होतं, आणि रस्त्यावरच्या पन्नास माणसांतला एकही धरायला पुढे आला नाही. समोरच्या हॉटेलात केशवराव चहाचा कप हातात धरून उभा होता. कप तोंडाला न लावता तो पाहत राहिला, हे ती मरेपर्यंत विसरणार नव्हती.

त्यानंतर श्रावणकडे कोणी टाकी आणली नाही. धान्याच्या कोठ्या, शाळेच्या पेट्या, कोंबड्यांचे पिंजरे, असली कामं करत त्यानं चार वर्षं काढली आणि काविळीचं निमित्त होऊन तो गेला. कावीळ ही दवाखान्याच्या कागदावर. चंद्रकलेचा कागद वेगळा होता, आणि त्यावर एकच नाव होतं.

"करते," ती वीरेंद्रला म्हणाली. "दहा दिवसांत देते. पण एक अट आहे. टाकी बसली की बोट फिरवायले तुमचे बाबा स्वतः येतील. बाजाराच्या दिवशी. दुसऱ्या कोणाचं बोट चालणार नाही."

"बस? एवढंच?" वीरेंद्र हसला. गाडी सोडून तो ट्रॅक्टरवर बसून निघून गेला.

पहिले चार दिवस चंद्रकला फार सुखात होती, कारण तिच्या मनात एक गोड विचार होता. टाकी डाल्याखाली जाणार, म्हणजे सायलेन्सरच्या जवळ जाणार. शहाणा मिस्त्री ती दुसऱ्या बाजूला बसवतो. तिनं सायलेन्सरच्या बाजूलाच बसवली आणि खालच्या जोडात टाचणीएवढी जागा पितळाऐवजी नुसत्या साबणानं बुजवली, तर? चुन्याच्या परीक्षेत साबण टिकेल. नागपूरच्या मिरवणुकीत, उन्हात, गाडी तापल्यावर नाही टिकणार. हजार माणसांसमोर केशवराव फेटा बांधून त्या गाडीत बसलेला असेल. तिनं चेसिसवर खडूनं जागासुद्धा आखून ठेवली होती. भाकरी करताना, भांडी घासताना ती त्या खडूच्या खुणेचा विचार करायची, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला पोटभर जेवण जात होतं.

पाचव्या दिवशी तिनं केबिनच्या तळाचा पत्रा उचकटला. पेट्रोलची जुनी नळी काढून मागपर्यंत नवी लांब नळी टाकायची होती. क्लीनरच्या पायाशी, डॅशच्या खाली, काजळीनं काळी झालेली दुसरीच एक तांब्याची नळी निघाली. मूळ गाडीची नव्हे, नंतर कोणीतरी घातलेली. तिच्या टोकाला पितळेची एक तोटी होती, दोन तोंडांची. एका तोंडाला श्रावणच्या टाकीची नळी येत होती. दुसऱ्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचा जळून चिकटलेला तुकडा होता. वर, डॅशच्या पत्र्याला, चौकोनी डब्याच्या चार स्क्रूंची भोकं होती.

चंद्रकला मांडी घालून तिथंच बसली. तीस वर्षं तिनं गाड्यांची पोटं पाहिली होती. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गाडी पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तोटी फिरवायची आणि पुढे रॉकेलवर चालवायची. म्हणजे वीरेंद्रनं क्लीनरच्या पायाशी रॉकेलचा जास्तीचा डबा बसवला होता आणि त्याला सायकलच्या ट्यूबनं जोडलं होतं. ट्यूब तापून सुटली. आग पाठीमागून नव्हती लागली, पायातून लागली होती. श्रावण म्हणत होता तसा जोड शाबूतच होता. आणि रॉकेल? ते कुठलं, हेही सांगायला नको. राशनच्या दुकानात महिनोन् महिने 'पुढच्या महिन्यात या' ऐकून रिकामी बाटली घेऊन परतलेल्या बायकांत ती स्वतः होती.

डबा काढून फेकला, ट्यूब जळाली, आणि तोटी मात्र पत्र्याखाली राहून गेली. रंगवणाऱ्यांनी वरून रंग दिला. आपलं ठेवायचं झाकून ते असं.

रविवारी मुलगी आली. अर्चना पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. गाडी पाहताच तिनं दारातच पिशवी खाली ठेवली.

"आई, तू त्याईची गाडी घेतली?"

"घेतली."

"काहून?"

चंद्रकलेनं तोटी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. मग बाहेर नेऊन चेसिसवरची खडूची खूणही दाखवली. लेकीपासून तिनं कधी काही लपवलं नव्हतं.

अर्चनाला राग आईएवढाच होता. बापाला मान खाली घालून कोंबड्यांचे पिंजरे करताना तिनं पाहिलं होतं. तिनं तोटी मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, "तू भोक ठेवशील, गाडी पेटन. मग लोक काय म्हणतील, आई?"

"म्हणतील, केशवराव जळला."

"नाही. म्हणतील, श्रावण मिस्त्रीच्या घरची टाकी. पुन्हा फुटली."

चंद्रकलेनं खडूच्या खुणेकडे पाहिलं.

"अकरा वर्षं तो माणूस खोटं बोलून राहिला, की आपल्या घरचा जोड कच्चा असतो," अर्चना म्हणाली. "अन् आता तू त्याचं खोटं खरं करून देतेस. फुकटात."

शिकलेल्या लेकीचं ऐकून घ्यायची चंद्रकलेला सवय नव्हती. पण हे तिला थेट काळजात लागलं. तिनं पदरानं खडूची खूण पुसून टाकली. राग कमी झाला म्हणून नव्हे. राग आणखी वाढला होता, फक्त आता त्याला नीट वाट मिळाली होती. ती घरात गेली, खाटेखाली वाकली आणि पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू ओढून बाहेर काढली.

निंबावरून उतरवलेली टाकी तिनं भंगारात दिली नव्हती.

त्या टाकीवर तिनं पुढचे पाच दिवस काम केलं. अकरा वर्षं कोरडी पडलेली असली तरी सोड्याच्या उकळत्या पाण्यानं तीन वेळा धुतली, कारण जुन्या टाकीतला पेट्रोलचा वास ज्योतीची वाट पाहत बसलेला असतो. टाकी उभी होती, सीटमागच्या अरुंद जागेसाठी केलेली. आता ती डाल्याखाली आडवी बसणार होती. म्हणून जुनी तोंडं बंद केली, बाजूला नवी मान जोडली, हवा जायला वरून बारीक नळी काढली, खाली दोन पट्ट्यांचे आधार केले. सायलेन्सर डाव्या अंगाला, तर टाकी उजव्या. नळी इंजिनापर्यंत नेताना कुठंही गरम लोखंडाजवळून नेली नाही. श्रावणच्या जोडांना तिनं हात लावला नाही. घासून काजळी काढली तेव्हा खालून पितळेची रेघ सलग निघाली, सोन्यासारखी पिवळी. कोपऱ्यावर छिन्नीनं ठोकलेलं अक्षरही निघालं, 'श्रा'. आपल्या प्रत्येक टाकीवर तो ते ठोकायचा. त्या अक्षरावरून बोट फिरवताना तिला रडू आलं, आणि रडतानाही ती केशवरावला शिव्याच देत होती.

मग तिनं सगळ्या टाकीला लाल रंग दिला, जोडांवर चुना फासला, अक्षरावर जरा जास्तच जाड फासला, आणि टाकी बसवून आत डिझेल भरलं. रॉकेल आता मिळत नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी केशवराव आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पांढरं धोतर, हातात काठी. वीरेंद्रनं जामसांवलीच्या हनुमानाला दाखवून आणलेला नारळ आणि झेंडूचा हार आणला होता. अकरा वर्षांनी केशवराव श्रावण मिस्त्रीच्या दारात आला म्हटल्यावर बाजार भाजीच्या पाट्या सोडून गोळा झाला. लोकांना वाटलं, समेट होतोय. समेट पाहायला लोकांना आवडतं, त्यात त्यांचं काही जात नाही.

"कशी आहेस, चंद्रकला?" केशवरावनं विचारलं.

"तुमची वाटच पाहून राहिली होती, जी," ती म्हणाली. "या, बोट फिरवा."

तिनं डाल्यामागे स्वच्छ पोतं अंथरलं होतं. केशवराव वीरेंद्रच्या खांद्याचा आधार घेऊन गुडघ्यावर बसला, खाली वाकला आणि जोडावरून बोट फिरवलं. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, खालून. बाहेर काढलं तर बोट पांढरं आणि कोरडं.

"दाखवा साऱ्याले," चंद्रकला म्हणाली.

त्यानं हसत बोट वर केलं.

"अन् सांगा. रीत आहे."

"टाकी कोरडी आहे," केशवराव मोठ्यानं म्हणाला. दिलदार माणसाचा आव त्याला छान जमायचा. "एक थेंब नाही. काम एकदम पक्कं आहे. तुझ्या हातात तुझ्या नवऱ्यापेक्षा—"

"पक्कं? जोड कुठं कच्चा नाही नं?"

"नाही म्हणतो नं, बाई."

"मग तो उजव्या कोपऱ्यातला चुना जरा पुसा. तेवढा पुसा अन् झालं."

केशवरावनं दुसऱ्या हातानं, धोतराच्या सोग्यानं चुना पुसला. 'श्रा' बाहेर आलं. शेजारी तारेचा खोल वण होता. तो तिनं मुद्दाम ठोकून सरळ केला नव्हता.

"ओळखली?" चंद्रकला म्हणाली. आता ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी बोलत होती. "हे तेच टाकी आहे, जी. तुम्ही या निंबाले टांगली होती ते. नवी मान लावली, बाकी एका जोडाले मी हात लावला नाही. श्रावण मिस्त्रीची टाकी आहे. तुमच्याच बोटानं कोरडी निघाली, तुमच्याच तोंडानं पक्की म्हटली."

केशवरावचं बोट अजून वरच होतं. ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"मग गाडी कायनं पेटली होती, हे आता वीरेंद्रभाऊ सांगतील." तिनं कमरेला खोचलेली तोटी काढून वीरेंद्रच्या तळहातावर ठेवली. "क्लीनरच्या पायाखाली निघाली. दोन तोंडाची आहे. एका तोंडात पेट्रोल यायचं. दुसऱ्यात काय यायचं, भाऊ?"

वीरेंद्रनं तोटीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो बापासारखा कधीच नव्हता. खोटं बोलायला लागणारी ताकद त्याच्यात नव्हती, म्हणून त्याच्यासाठी ते बाप बोलला होता. "बाबा, चला," तो पुटपुटला.

"मातीचं तेल!" गर्दीतून मोहगावची वच्छलाबाई ओरडली. ती मेथी विकायला बसलेली होती, जुडी हातातच होती. "आमच्या कार्डाचं मातीचं तेल! मले दर महिन्याले म्हणे गाडीच आली नाही. अवो, गाडी आली नाही कशी, गाडीच पिऊन राहिली होती!"

कोणी हसलं, कोणी शिवी दिली. अकरा वर्षांपूर्वी वर मान करून अक्षरं वाचणारीच ही माणसं होती, आता ती केशवरावच्या बोटाकडे पाहत होती. चंद्रकलेला त्यांचंही प्रेम नव्हतं. पण हत्याराला प्रेम लागत नाही.

"टाकी काढायची असन तं काढा," ती शांतपणे म्हणाली. "मी नाही काढत. दुसरा मिस्त्री पाहा. रविवार परवा आहे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. केशवराव उठला, काठी टेकत पुढे गेला आणि केबिनमध्ये बसला. वीरेंद्रनं तोटी पोत्यावर टाकली, डिझेल काढून पेट्रोल भरलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नारळ फोडायचा राहून गेला.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा चंद्रकलेनं स्टूल घेतलं आणि निंबाखाली ठेवलं. टाकी टांगली होती ती तार तिनं कधी सोडलीच नव्हती, झाडानं ती अर्धी गिळली होती. त्याच तारेला तिनं ती दोन तोंडाची तोटी बांधली. खाली एक पत्र्याचा तुकडा लटकवला आणि त्यावर चुन्यानं लिहिलं, 'केशवरावचं काम'. या वेळी स्टूल धरायला चार माणसं धावली. तिनं चौघांनाही हाकललं.

नागपूरला गाडीला दुसरं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. केशवराव त्यात नव्हता. पुढच्या बाजाराला वीरेंद्र एकटाच मोटारसायकलवर आला आणि निंबाकडे न पाहता शेडमध्ये शिरला.

"काकू, चूक माही होती," तो म्हणाला. "ट्यूब मीच लावली होती. बाबानं मले वाचवलं."

"अन् आमच्या माणसाले मारलं."

"निंबावरचं ते काढून टाका नं. बाबा घराबाहेर निघून नाही राहिले. लोक दारावरून जाताना बोट वर करून दाखवतात. जेवत नाही ते नीट."

अकरा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये कोण कोण जेवत नव्हतं, ते तिनं सांगितलं नाही. ती कात्रीनं पत्रा कापत राहिली. "आज कितवा दिवस आहे?"

"आठवा."

"श्रावण मिस्त्रीची टाकी अठरा दिवस लटकली. तुमची तोटी तेवढीच लटकन. एक दिवस कमी नाही, एक जास्त नाही."

"अन् मग?"

"मग ज्याचं काम आहे त्यानं यावं अन् काढून न्यावं. आमच्यासाठी कोणी आलं नव्हतं, मीच चढली होती."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दुकानं उघडत असताना केशवराव आला. सोबत कोणी नव्हतं. तो बसनं आला होता. त्यानं निंबाखाली उभं राहून वर पाहिलं, काठी उंच करून पाहिली. काठी पोचली नाही. रस्त्यावर माणसं थांबू लागली. हॉटेलातून चंद्रकलेचा सकाळचा चहा आला होता. कप हातात घेऊन ती शेडच्या तोंडाशी उभी राहिली.

मग तो वळला.

"चंद्रकला," तो म्हणाला. "श्रावणचा जोड पक्का होता. मले तवाच माहीत होतं."

रस्त्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. तिनंही ऐकलं. हे एक वाक्य ऐकायला श्रावण चार वर्षं शेडच्या दाराकडे तोंड करून बसला होता.

"काही चढायले देशील का?" केशवरावनं विचारलं.

ती आत गेली आणि श्रावणचं स्टूल घेऊन आली, तेच, एका पायानं आखूड. निंबाखाली ठेवून ती पुन्हा आपल्या जागी आली आणि तिनं चहाचा कप उचलला. केशवरावनं काठी झाडाला टेकवली, खोडाला हात लावला आणि एक पाय वर ठेवला. स्टूल डुगडुगलं. तिनं ते दिलं होतं, धरलं मात्र नाही.